खोडरबर जमा करा

झंखना परमार, वय तेवीस, नखांच्या कडेला शाई,
पहिल्याच रविवारी बिस्किटांचा रिकामा डबा फिरवते.
पेन्सिली, खोडरबर, जे असेल ते यात टाका.
मी दोन टाकते.
तिसरा राहू देते पर्समध्ये, चिल्लरीच्या कप्प्यात.
सुगंधी आहे तो. अजून वास येतो.

वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात आराखडे काढायचे.
ट्रेसिंगवर रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं
ती इतकी हळू खरवडायचे
की कागदालाही कळू नये.
मलाही तसंच यायला हवं होतं, आणि आलंही.
वीज कंपनीत अठ्ठावीस वर्षं
मी इतरांच्या चुका बिलांतून उपसते आहे.
माझी सही मात्र बँकेनं दोनदा परत पाठवली.
जुळत नाही म्हणाले.
कुणाशी, ते नाही सांगितलं.

काळ्या घोड्याजवळच्या पुलावर आम्ही नऊजण,
खाली विश्वामित्री, पाणी कमी आणि गाळ जास्त,
गाळावर मगर.
"घोरपडेबेन, तुम्ही मगर काढा."
सगळे हसतात. मीही हसते,
आडनावावरून ऐकून घ्यायची सवय शाळेपासूनची.

मगर पाऊण तास पापणी हलवत नाही.
हलतो तो माझा हात.
मार्कर काळा, पक्का. टोपण काढलं की
इंजेक्शनआधी दंडावर फिरवलेल्या कापसाचा वास.
नाकापासून सुरू करते आणि नाकापाशीच थांबते:
जबडा कुठवर न्यायचा? इथवर? की अजून थोडा?
तेवढ्यात टोकाखाली ठिपका फुगत जातो,
आधी मोहरी, मग मटार, मग
मगरीला सर्दी झाल्यासारखा.

पान फाडू का, मी विचारते.
झंखना शेजारी उकिडवी बसते, बघते,
म्हणते, रेघ चुकली म्हणून डाग पडत नाही, बेन.
थांबली म्हणून पडतो.
आणि उठून पुढच्याची छत्री बघायला जाते.

छत्री त्यानं तिरकीच काढली होती. तिला आवडली.

मग डिसेंबर. ब्रशपेन.
दाबला की म्हशीची पाठ, उचलला की मांजराची मिशी,
मधलं काही म्हणून धरता येत नाही.
खंडेराव मार्केटच्या पायऱ्यांवर एक बाई पापडी सोलते,
समोर रताळी, कंद, लसणीच्या पातीचे जुडगे.
मी तिचा खांदा एका दमात काढते,
म्हणजे अक्षरशः, श्वास धरून,
आणि तो खांदा खाली कोपरात, कोपर मनगटात,
मनगट शेंगेत उतरतं
मी कुठे वळले ते मला कळायच्या आत.
हनुवटी राहून गेली. नाक भलतंच आलं.

बाई म्हणते, दाखव.
ओले हात पदराला पुसते, वही लांब धरते,
डोळे बारीक करते.
नाक माझं नाही, म्हणते. हात माझाच.
चालशे.

हा शब्द मी जन्मापासून या गावात ऐकते,
रिक्षावाल्याकडून, शिंप्याकडून, सुट्टे नसलेल्या वाण्याकडून.
घरी आम्ही तो कधी वापरला नाही.
आमच्याकडे चालायचं नाही. नीट व्हायचं.

पक्क्या मार्करची शाई मागच्या बाजूला उतरते.
पान उलटलं की तिथे आधीच काही ठिपके असतात,
मी जिथे जिथे थबकले त्या सगळ्या जागा,
उलट्या बाजूनं, जरा फिकट.
हल्ली मी कोरं पान शोधत नाही.
त्यातलाच एक धरते आणि निघते.
परवा मगरीच्या सर्दीतून
सुरसागरच्या कठड्यावर बसलेला फुगेवाला निघाला,
पाय चार झाले त्याला, तरी बसला होता नीट.

तिसरा खोडरबर अजून पर्समध्येच आहे.
झंखनाला सांगितलेलं नाही.
नाण्यांनी काळा पडलाय, वास जवळजवळ गेलाय,
बसमध्ये सुट्टे काढायला बोटं घातली
की आधी तोच लागतो हाताला.